अमेरिकेतला रविवार कोणाचा? परंपरावाद्यांच्या घरातला एक जुना वाद

मुक्काम_ओहायो

अमेरिकी परंपरावाद्यांची चर्चा आपल्याकडे निघाली की ती गर्भपात, समलिंगी विवाह आणि शाळेतली प्रार्थना या तीन विषयांपलीकडे सहसा जात नाही. हे विषय महत्त्वाचे आहेतच, परंतु त्यांवर दोन्ही पक्षांची भूमिका इतकी ठरून गेली आहे की त्यातून या विचाराच्या पोटातले ताण दिसत नाहीत. ते पाहायचे असतील तर रविवारच्या सुट्टीचा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, असे मला काही दिवसांपासून वाटू लागले आहे.

निमित्त असे. हेरिटेज फाउंडेशन या परंपरावादी विचारसंस्थेने २०२३ साली 'प्रोजेक्ट २०२५' या नावाने जो धोरणग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातल्या कामगारविषयक प्रकरणात एक सूचना आहे: देवाने विश्रांतीसाठी नेमलेल्या दिवशी, म्हणजे सर्वसाधारणपणे रविवारी, जो काम करील त्याला दीडपट वेतन देण्याची सक्ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायद्यात दुरुस्ती करून करावी. ज्यांचा पवित्र दिवस वेगळा आहे त्यांच्यासाठी तो दिवस धरला जावा, अशीही सोय तीत आहे. परंतु मला अधिक लक्षणीय वाटले ते हे की त्याच ठिकाणी, सगळ्याच परंपरावाद्यांना ही सूचना मान्य नाही, अशीही नोंद केलेली आहे.

धर्म, कुटुंब आणि बाजारपेठेचे स्वातंत्र्य या तिन्हींचा कैवार एकाच वेळी घेणाऱ्या पक्षाला रविवार आडवा येतो. बाजाराला सातही दिवस हवे आहेत आणि देवळाला, म्हणजे इथे चर्चला, त्यातला एक हवा आहे. माझे मत असे की सर्वांनी मिळून एक दिवस थांबण्याची प्रथा समाजाला हितकारक आहे आणि तिला कायद्याचा आधार देण्यात गैर नाही, मात्र तो आधार धर्माच्या नावाने देऊ नये. सभासदांचे काय म्हणणे आहे?

शुभदा_बर्गन

आम्ही न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत राहतो आणि रविवारी दुकाने बंद ठेवण्याचा जुना कायदा आमच्याकडे आजही जिवंत आहे. रविवारी कपडे, पादत्राणे, फर्निचर, घरगुती उपकरणे आणि बांधकामाचे सामान विकण्यास बंदी आहे. किराणा आणि औषधे मिळतात. पारामस गावाचा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे. तिथल्या मोठ्या मॉलमध्ये रविवारी चित्रपटगृह आणि उपाहारगृहे चालू असतात, पण दोन्ही बाजूंच्या दुकानांची शटर खाली असतात. जिथे किराणा आणि कपडे एकाच छपराखाली विकतात अशा भल्यामोठ्या बाजारात तर कपड्यांच्या रांगांना पट्टी लावून ठेवतात. दूध घ्या, पायमोजे घेऊ नका.

आता गंमत ऐका. या काउंटीचा कल अलीकडे डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे आणि कायद्याचा कैवार घेणाऱ्यांच्या तोंडी देवाचे नाव क्वचितच येते. त्यांचा मुद्दा आहे तो रूट ४ आणि रूट १७ वरच्या वाहतुकीचा. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नसल्याने न्यूयॉर्ककर खरेदीला इकडे लोटतात. निदान एक दिवस तरी आम्हाला आमचे रस्ते मिळू देत, असे लोक म्हणतात. १९९३ साली या प्रश्नावर मतदान झाले तेव्हा मतदारांनी बंदी कायम ठेवली. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर गव्हर्नर ख्रिस्टी यांनी लोकांची गैरसोय पाहून एका रविवारपुरती बंदी उठवली, तर पारामसने त्यालाही हरकत घेतली होती. गव्हर्नर रिपब्लिकन, हे जाता जाता नमूद करते.

चहाटळ_चिंतू

पायमोज्यांना पापाचा दर्जा देणारी संस्कृती मला आदरणीय वाटते. आमच्या घरी तो दर्जा ओल्या टॉवेलला आहे.

वाचनवेडा_पुणे

मूळ धाग्यातला "आधार धर्माच्या नावाने देऊ नये" हा भाग अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच निकालात काढला आहे. मॅगॉवन विरुद्ध मेरीलँड हा तो खटला. ॲन अरुंडेल काउंटीतल्या एका सवलतीच्या दुकानातल्या नोकरांना रविवारी विक्री केल्याबद्दल दंड झाला होता. विकलेल्या वस्तूंची यादी निकालपत्रात आहे: कागद अडकवण्याची तीन कड्यांची फाईल, फरशीच्या मेणाचा डबा, स्टेपलर, त्याच्या पिना आणि एक खेळण्यातली पाणबुडी. सरन्यायाधीश वॉरन यांनी मान्य केले की या कायद्यांचा उगम निःसंशय धार्मिक आहे. परंतु आता त्यांचा हेतू सर्वांना एकसमान विश्रांतीचा दिवस देण्याचा आहे आणि तो हेतू राज्याच्या अधिकारात बसतो, म्हणून कायदा घटनेला धरून आहे. न्यायमूर्ती डग्लस यांनी याला स्पष्ट विरोध नोंदवला.

परंपरावाद्यांच्या दृष्टीने हा विजय विचित्रच म्हणायचा. कायदा वाचला, पण ज्या कारणासाठी तो त्यांना प्रिय होता ते कारण न्यायालयाने बाजूला ठेवल्यावर वाचला. शुभदाताई सांगतात ते वाहतुकीचे समर्थन मला त्याच निकालाचे वंशज वाटते.

शनिवारवाले

त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालाचा उल्लेख राहून गेला, तो मी करतो, कारण माझ्या मते या विषयाची खरी मेख तिथे आहे. ब्राउनफेल्ड विरुद्ध ब्राऊन हा खटला फिलाडेल्फियातल्या सनातनी ज्यू व्यापाऱ्यांनी आणला होता. धर्मामुळे त्यांना शनिवारी दुकान बंद ठेवावे लागे आणि कायद्यामुळे रविवारी. म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्याचा धंदा सहा दिवस आणि यांचा पाच. ते हरले.

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ तर कट्टर प्रोटेस्टंट आहे, परंतु बायबलमधला विश्रांतीचा दिवस शनिवार आहे असे तो मानतो. टेनेसीत १८८९ साली आर. एम. किंग या ॲडव्हेंटिस्ट शेतकऱ्यावर रविवारी नांगर चालवल्याबद्दल खटला झाला आणि तो दोषी ठरला. १८८८ साली सिनेटर ब्लेअर यांनी देशभर रविवार पाळण्याचे विधेयक मांडले, तेव्हा वॉशिंग्टनला जाऊन त्याविरुद्ध साक्ष देणारे ए. टी. जोन्स हेही याच पंथाचे. म्हणून "धार्मिक लोक विरुद्ध निधर्मी लोक" अशी या वादाची मांडणी मला पटत नाही. अतिशय धार्मिक माणसेच दोन्ही बाजूंना उभी होती आणि एका बाजूची संख्या जास्त होती, इतकेच.

प्लेनोकर

टेक्सासचा अनुभव सांगतो. इथे १९६१ च्या कायद्यात ४२ प्रकारच्या वस्तूंची यादी होती. कपडे, स्वयंपाकाची भांडी, घड्याळे वगैरे वस्तू शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस विकता येत नसत. दोहोंपैकी एक दिवस निवडायचा. त्यामुळे वर शनिवारवाल्यांनी सांगितलेली ज्यू व्यापाऱ्यांची अडचण, निदान कागदावर, इथे टळली होती. १९८५ साली यादी रद्द झाली, परंतु मोटारविक्रेत्यांना ती निवड अजूनही करावी लागते आणि मद्याची दुकाने रविवारी बंदच असतात. मोटार पाहायला रविवारी सहकुटुंब जाऊन कुलूप पाहून परतलेली मराठी कुटुंबे मला माहीत आहेत. नावे सांगत नाही, त्यातले एक माझेच आहे.

मोटारविक्रेते स्वतः हा नियम उठवू देत नाहीत, असे इथे सर्रास बोलले जाते, आणि त्यात तथ्य असावे. सगळेच बंद असतील तर गिऱ्हाईक कुठेच जात नाही, सोमवारी येते. पगाराचा एक दिवस वाचतो. नीतीच्या पालखीला नफ्याने खांदा दिला की ती अशी वर्षानुवर्षे चालते.

अ_सहमत

मला हा सगळा प्रकार ढोंगाचा वाटतो आणि तसे स्पष्ट लिहितो. नॉर्थ डकोटात रविवारी दुपारी बारापर्यंत दुकाने बंद ठेवण्याचा कायदा होता. तो रद्द कोणी केला? २०१९ साली, जिथे रिपब्लिकन पक्षाला प्रचंड बहुमत आहे अशा विधिमंडळाने. निवडणुकीच्या सभेत "आमची ख्रिस्ती मूल्ये" म्हणायचे आणि दुकानदारांच्या संघटनेने निवेदन दिले की त्याच मूल्यांचे शटर वर करायचे. गर्भपाताच्या प्रश्नावर ठाम राहायला या मंडळींना काही मोजावे लागत नाही, रविवारच्या प्रश्नावर विक्रीचा आकडा मोजावा लागतो. तिथे निष्ठा कळते.

मुक्काम_ओहायो

@अ_सहमत, नॉर्थ डकोटाचे उदाहरण चपखल आहे, परंतु "ढोंग" म्हणून विषय संपवणे मला घाईचे वाटते. तिथे रद्द करण्याच्या विरोधातही रिपब्लिकनच बोलत होते आणि त्यांतले काही मनापासून बोलत होते. एकाच पक्षातली माणसे दोन प्रामाणिक पण परस्परविरोधी निष्ठा बाळगून असू शकतात.

मेकोस्टा

ओहायोकरांशी सहमत, आणि त्या दोन निष्ठांचा इतिहास थोडा विस्ताराने मांडतो, कारण मी स्वतः या विचाराच्या एका बाजूचा आहे आणि मंचावर तशी माणसे थोडी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जो परंपरावाद नव्याने उभा राहिला, त्यात रसेल कर्क यांचे स्थान मोठे आहे. १९५३ साली त्यांचा ग्रंथ आला. ते मिशिगनमधल्या मेकोस्टा या लहानशा गावात राहत. प्रथा, श्रद्धा आणि स्थानिक जीवन यांचे रक्षण हे त्यांचे मुख्य सूत्र होते आणि बाजारपेठेला देव मानणाऱ्यांशी त्यांचे कधी पटले नाही. मोटारगाडीला ते 'यांत्रिक जॅकोबिन' म्हणत, म्हणजे जुनी वस्ती आणि जुने संबंध उद्ध्वस्त करणारी क्रांतिकारक. स्वतः त्यांनी कधी गाडी चालवली नाही. पारामसचे रविवारचे मोकळे रस्ते त्यांना आवडले असते. मॉल मात्र त्यांनी सोमवारीही बंद ठेवला असता.

दुसऱ्या बाजूला होते फ्रँक मायर. १९५५ साली विल्यम बकली यांनी सुरू केलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' नियतकालिकातले हे संपादक. सद्गुण हे समाजाचे ध्येय आहे हे त्यांना मान्य होते, परंतु जो सद्गुण दंडाच्या भीतीने पाळला जातो तो सद्गुणच नव्हे, म्हणून राज्याने माणसाला मोकळे सोडावे, अशी त्यांची मांडणी होती. साम्यवादाचा समान शत्रू समोर असेपर्यंत हे दोन प्रवाह एकत्र वाहिले. आता तो शत्रू नाही, आणि दीडपट वेतनाच्या सूचनेवरचा मतभेद ही मला त्या जुन्या वादाचीच पुढची फेरी वाटते.

माझे स्वतःचे मत कर्क यांच्या बाजूचे आहे. "ज्याला सुट्टी हवी त्याने घ्यावी" हे ऐकायला उदार वाटते, परंतु एकट्याने घेतलेली सुट्टी आणि सगळ्या गावाने घेतलेली सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी सुट्टी मंगळवारी, पत्नीची गुरुवारी आणि मुलांची शनिवारी असेल तर आमच्या घरात तीन सुट्ट्या असूनही एकही नाही. हे नुकसान कोणत्याही एका माणसाने केलेल्या निवडीतून दिसत नाही, म्हणून बाजार त्याची किंमत लावू शकत नाही.

शनिवारवाले

मेकोस्टा, मांडणी सुंदर आहे, परंतु "सगळे गाव" म्हणताना तुम्ही फिलाडेल्फियाच्या त्या कापडवाल्याला गावाबाहेर ठेवले आहे.

मेकोस्टा

त्याला टेक्साससारखी सवलत द्यावी, हे मी आनंदाने मान्य करतो. 'प्रोजेक्ट २०२५' मध्येही ती आहेच.

गिरणगावचा_नातू

रविवारच्या सुट्टीवर एवढे लिहून झाले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अजून आले नाही, म्हणून लिहितो. विषयांतर वाटले तर संपादकांनी क्षमा करावी, पण मला ते विषयांतर वाटत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. त्यासाठी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या माध्यमातून १८८४ पासून लढा दिला होता. ते सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो दिवस कामगारांना मोकळा हवा, हा मुद्दाही त्या मागणीच्या संदर्भात आवर्जून सांगितला जातो. म्हणजे ज्या काळात वॉशिंग्टनमध्ये ब्लेअर यांचे विधेयक येशूच्या दिवसासाठी मांडले जात होते, त्याच सुमारास परळ-लालबागचा कामगार तोच वार मल्हारी मार्तंडासाठी मागत होता. मागणी एक, आराध्य दैवते दोन, आणि दोन्हीकडे हिशेबाची वही घेऊन बसलेला मालक मात्र सारखाच.

यातून मूळ प्रश्नाला मी असे उत्तर देईन की कामगारांची गरज आणि श्रद्धा यांची फारकत करण्याचा अट्टहास आपण का करावा? अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात चर्चची मंडळी आणि कामगार संघटना रविवारच्या मागणीसाठी पुष्कळदा एकत्र आल्या होत्या.

चहाटळ_चिंतू

येळकोट येळकोट. पारामसच्या नगरपरिषदेला भंडारा पाठवावा काय?

पेन_डच

कामगार आणि श्रद्धा एकत्र येण्याचे ताजे उदाहरण आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतले आहे. जेराल्ड ग्रॉफ हे टपाल खात्यात वाटपाचे काम करत आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती असल्याने रविवारी काम करत नसत. टपाल कचेऱ्या १९१२ च्या कायद्याने रविवारी बंद झाल्या होत्या; पुढे १०१ वर्षांनी, २०१३ मध्ये, ॲमेझॉनची पार्सले रविवारी पोहोचवण्याचा करार झाला आणि ग्रॉफ यांच्यासारख्यांची पंचाईत झाली. शिस्तभंगाची कारवाई सुरू झाल्यावर २०१९ साली त्यांनी राजीनामा दिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचरणाला सवलत नाकारायची असेल तर मालकाने किरकोळ गैरसोय सांगून चालणार नाही, धंद्यावर पडणारा भार भरीव आहे हे दाखवावे लागेल. निकालपत्र न्यायमूर्ती अलिटो यांचे, म्हणजे परंपरावादी गोटातले. पण उदारमतवादी न्यायमूर्तींनीही सही केली, आणि ग्रॉफ यांच्या बाजूने शीख, मुस्लीम व ज्यू संघटनाही उभ्या होत्या.

मला हा मार्ग अधिक चांगला वाटतो. गावाला कुलूप लावू नका. ज्याला थांबायचे आहे त्याला थांबू द्या आणि त्याची नोकरी वाचवा. शुक्रवारच्या नमाजाला किंवा दसऱ्याला रजा मागणाऱ्यालाही हाच निकाल उपयोगी पडणार आहे.

मेकोस्टा

निकाल स्वागतार्ह आहे, परंतु त्यात ग्रॉफ एकटेच थांबतात. त्यांच्याऐवजी पार्सल घेऊन दुसरा कोणी तरी जातो. माझा आक्षेप तिथेच आहे.

आकडेमोड

"बाजार उघडल्याने चर्च ओस पडतात का" यावर चांगला अभ्यास झाला आहे. जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ज्या राज्यांनी रविवारची बंदी उठवली तिथे चर्चमधली उपस्थिती आणि देणग्या घटल्याचे, तसेच पूर्वी चर्चला जाणाऱ्यांत मद्यपान व अमली पदार्थांचे सेवन वाढल्याचे आढळले. ग्रुबर हे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक, तेव्हा ते परंपरावाद्यांचे भाट नव्हेत.

मात्र याचा अर्थ ताणू नये. गॅलपच्या पाहणीनुसार चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सदस्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण १९९९ मध्ये ७० टक्के होते, ते २०२० मध्ये ४७ टक्क्यांवर आले. बहुतेक राज्यांतली दुकाने १९९९ च्या कितीतरी आधीपासून रविवारी उघडी होती. तेव्हा ही अलीकडची घसरण शटरच्या माथी मारता येणार नाही.

शुभदा_बर्गन

आणि आपल्या लोकांनी रविवार कसा स्वीकारला आहे तेही पाहावे. इथल्या देवळांत सर्वाधिक गर्दी रविवारी असते, तिथी कोणतीही असो. सत्यनारायण रविवारी, मुलांची मराठी शाळा रविवारी, गणपतीचे विसर्जनसुद्धा सोयीच्या शनिवार-रविवारी. ज्या रविवारसाठी ख्रिस्ती परंपरावादी झगडले, त्याच्यावर आपली मंडळे उभी आहेत, आणि त्यांतले बरेच सभासद त्या परंपरावाद्यांना नावे ठेवत प्रसादाच्या रांगेत उभे असतात. मीही त्या रांगेत असते, म्हणून अधिकाराने लिहिते.

बॉस्टनची_मावशी

धागा उशिरा वाचला, परंतु मूळ प्रश्न बंदीचा नसून दीडपट वेतनाचा होता, आणि त्याचा प्रयोग होऊन गेला आहे हे कोणी सांगितलेले दिसत नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये किरकोळ विक्रीच्या दुकानांतल्या बऱ्याच नोकरांना रविवारी दीडपट वेतन देणे कायद्याने बंधनकारक होते. २०१८ साली एक तडजोड झाली: किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलर करायचे, भरपगारी कौटुंबिक व वैद्यकीय रजेची योजना आणायची, आणि बदल्यात रविवारचा जादा दर दरवर्षी थोडा कमी करत नेऊन २०२३ च्या जानेवारीपासून संपवायचा. म्हणजे देशातल्या सर्वांत उदारमतवादी राज्यांपैकी एकाने जो नियम २०२३ मध्ये मोडीत काढला, तोच त्याच वर्षी परंपरावाद्यांनी देशासाठी सुचवला.

माझी मुलगी शाळेत असताना दुकानात गल्ल्यावर काम करायची. दीडपट दर होता तेव्हा रविवारच्या पाळीसाठी मुलांमध्ये अक्षरशः चढाओढ असे, आणि जुन्या नोकरांचा त्या पाळीवर पहिला हक्क होता. रविवारी दुकान कधी बंद राहिले नाही. चर्चला जाणारी तिची मैत्रीणसुद्धा सकाळची प्रार्थना आटोपून दुपारच्या पाळीला हजर होई, कारण त्या चार तासांत सहा तासांचे पैसे मिळत. ज्यांना लोकांनी रविवारी घरी बसावे असे वाटते त्यांनी नोकराला आमिष आणि मालकाला दंड एकाच कलमात लावला, तर कोणाची ओढ जास्त ठरेल हे आधी तपासावे.

मुक्काम_ओहायो

मावशी, ही माहिती मला नवी आहे आणि तिने माझ्या भूमिकेचा पाया बराच हलवला आहे. तरी एक शंका राहते. मालकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे: जादा दरामुळे रविवारी दुकान कमी तास उघडे राहत होते का, किंवा कमी माणसांवर चालत होते का? शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये रविवारचा दीडपट दर अजून लागू आहे. तिथे दुकान चालवणारे किंवा दुकानात काम करणारे कोणी सभासद असतील तर त्यांनी कृपया लिहावे.

अ_सहमत

प्रॉव्हिडन्समध्ये माझ्या मामेभावाचे दुकान आहे. विचारून सांगतो, पण रविवारी त्याला फोन करता येणार नाही; माणसे कमी ठेवतो, म्हणून गल्ल्यावर तो स्वतःच असतो.